आत्याची बँकेतली नोकरी

४ फेब्रुवारी

गंभीरराव,

आधी तुझ्या कपाळावरच्या आठीला आशीर्वाद, मग तुला. आठी आहे ना अजून? आठव्या वर्षी पडलेली आठी चौतिसाव्या वर्षी एकाएकी जाणार कुठे म्हणा.

बातमी अशी की तुझी आत्या आता सरकारमान्य झाली. थट्टा नाही. परवा सकाळी घड्याळाच्या चौकात पोचले, पेटी उघडली, साहेबाला हातात घातलं, माऊथऑर्गन फुंकून बघितला, तेवढ्यात आपला हवालदार आला. तोच, ज्याला अजून धड मिशा फुटलेल्या नाहीत. मला वाटलं, नेहमीसारखं "आजी, जरा बाजूला घ्या" म्हणेल. त्याने खिशातून पत्र्याचा बिल्ला काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्या कोटाला लावला. "मान्यताप्राप्त रस्ता-कलाकार, क्रमांक सतरा." एकसष्टाव्या वर्षी मान्यता! म्हणजे इतकी वर्षं या चौकात मी नुसती उभी होते की काय? साहेब तर बाहुली असून असा फुगला की चालू खेळात मला म्हणाला, "तुला बिल्ला, मग मला काय?" मी म्हटलं, "तुला माझ्या भाच्याच्या शाळेच्या चड्डीचा कोट आहे, तो थोडा झाला का?" लोक खो खो हसले. तुझ्या चड्डीने आजवर जेवढं हसवलंय तेवढं तू नाही हसवलंस, हे मात्र खरं.

पण बिल्ला लावून मान वर केली, तर समोर बँकेच्या पायरीवर कोणी नाही. तिसरी पायरी, डावीकडचं टोक. तुला पायरीवाला आठवत असेल. लहानपणी तू त्याला पायरीकाका म्हणायचास. कारखान्यात पाय गेल्यापासून तो तिथेच बसून मागत आला. पेपरवाली म्हणाली, पहाटे गाडी आली आणि उचलून घेऊन गेली. काठी तेवढी मागे राहिली होती. ती मी घरी आणून दाराआड उभी केलीय.

घड्याळाच्या खांबाला कागद चिकटवलाय. कलम नऊ: शब्दाने, खुणेने अथवा भांडे पुढे करून कोणीही रस्त्यात काही मागू नये, बिल्लाधारक कलाकार वगळून. शब्दाने नाही, खुणेने नाही, मग रडू आलं तर काय भिंतीकडे तोंड करायचं?

असले कागद तुझ्याच खात्यात लिहितात ना? कोण हा उंटावरचा शहाणा, ते शोधून काढ. सापडला की त्याचं नाव कळव. साहेबाला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत.

तुझी,
क्रमांक सतरा


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आठी आहे. तुझं पत्र वाचताना जरा वाढलीसुद्धा.

बिल्ल्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुला गंमत वाटते, पण याच्यामागे कोणाची तरी बरीच खटपट आहे, एवढं लक्षात घे. आता तुला त्या चौकातून कोणी हलवू शकत नाही. ज्या खांबाखाली बसून मी पाढे पाठ केले, ती जागा आता कायद्याने तुझी आहे. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

नियम कोणी लिहिला हे विचारतेस. असे मसुदे दहा टेबलांवरून फिरतात, शेवटी कोणाचा शब्द कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. ते शोधण्यात अर्थ नाही.

पायरीवाल्याची काळजी करू नकोस. त्याला शहराबाहेरच्या निवाऱ्यात नेलं असणार. तिथे पलंग आहे, दोन वेळचं जेवण आहे, डॉक्टर येतो. मी स्वतः कागदपत्रं मागवून पाहिली. त्याने राजीखुशीच्या कागदावर सही केलेली आहे. या वयात दगडावर बसून राहण्यापेक्षा हे बरंच नाही का?

आणि रागावू नकोस, पण एक गोष्ट मी लहानपणापासून मनात ठेवलीय, ती आज बोलतो. तुझा खेळ संपला की तुझी सगळी गर्दी त्याच्या पायरीवरून जायची. लोकांचा हात खिशात गेलेला असायचा तो तुझ्या खेळामुळे, आणि तो आयता वाटी पुढे करायचा. आयत्या बिळावर नागोबा! मी खांबाखाली बसून हे रोज बघायचो आणि दात ओठ खायचो. तुझ्यात आणि त्याच्यात फरक आहे, आत्या. तू काही तरी देऊन घेतेस. तुझा हात मोडला त्या हिवाळ्यात तू चार महिने बँकेत नोकरी केलीस. मी शाळाभर सांगत सुटलो होतो, माझी आत्या बँकेत आहे, तिथे रोज पाव मिळतो. आणि हात बरा झाल्याबरोबर तू ती पक्की नोकरी सोडून पुन्हा साहेबाला हातात घातलंस. असं किती जण करतील? अशा माणसाला आणि मागणाऱ्याला एकाच मापाने मोजायचं का?

थंडीत मफलर वापर.

तुझा,
गंभीर


२० फेब्रुवारी

गंभीरराव,

मफलर वापरते. तो पायरीवाल्याचाच आहे, गेल्या वर्षी मी खोकले तेव्हा त्याने दिला.

तू खांबाखाली बसून सगळं बघायचास, पण बघितलंस मात्र उलटं. अरे, गर्दी त्याच्यावरून जायची, कारण मी ती तिकडे वळवायचे. खेळ कसा संपतो, आठव. साहेब मला ओरडतो, मी पळते, आणि गिरकी घेऊन बँकेकडे तोंड करून वाकते. बँकेकडेच का? बाजाराकडे का नाही? लोक ज्या बाजूने टाळ्या वाजवतात त्याच बाजूने पांगतात. हे आमच्या चौकाचं ठरलेलं होतं. माझा खेळ चालू असेपर्यंत त्याने वाटी मांडीखाली ठेवायची, चकार शब्द काढायचा नाही. आणि मी शेवट त्याच्याकडे तोंड करून करायचा. सकाळी चौकात कुत्रं नसायचं तेव्हा पहिली टाळी कोण वाजवायचा? तोच. एक माणूस हसला की दुसरा थांबतो. बिनपगारी हसायचा बिचारा, आणि तेच ते विनोद ऐकून!

परवा त्याला भेटून आले. निवाऱ्यात फक्त मंगळवारी भेटू देतात, जायला बसने तीन तास. पलंग आहे, खरं आहे. जेवणही वाईट नाही, मी चाखलं. पण फाटकाला कुलूप आहे. मी विचारलं, "कसं काय?" तर हसला. म्हणाला, "ताई, मागायला बंदी केली म्हणून इथे आणलं, आणि इथे दिवसभर मागतच असतो. बाहेर उन्हात बसू का? खिडकी उघडू का? दिवा थोडा वेळ राहू दे का? पायरीवर निदान एकदा 'नाही' म्हणाले की लोक पुढे जायचे. इथे 'नाही' म्हणणारा समोरच उभा असतो."

सहीचंही विचारलं. गाडीत चढवताना चष्मा कुठे तरी पडला होता. कशावर सही केली ते त्याला माहीत नाही. त्याला वाटलं, काठी परत मिळण्याचा कागद आहे.

मी तुला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तू दहा टेबलांवरून फिरवलंस. लहानपणी दूध सांडलं की तू असंच सांगायचास, "दूध सांडलं गेलं." आता सरळ सांग. आणि दाद कुठे मागायची तेही सांग.

आत्या


२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दूध मी सांडलं. कलम नऊ मी लिहिलं.

आता पुढचं वाचल्याशिवाय कागद चुरगाळू नकोस. वरून आलेल्या पहिल्या मसुद्यात कोणालाच सूट नव्हती. गाणारे, वाजवणारे, बाहुल्यावाले, मागणारे, सगळ्यांना एकच गाडी. तो कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा मला दुसरं काही दिसलं नाही, फक्त तू दिसलीस, पेटी काखेत मारून गाडीत चढताना. तीन आठवडे भांडलो. मोठ्या साहेबांच्या खोलीत तर माझा आवाजही चढला, आणि माझा आवाज चढतो म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, समोरच्याला कानाला हात लावून "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं.

शेवटी मी एक टिपण लिहिलं. कलाकार आणि मागणारे यांच्यात मुळातच फरक आहे, असं मांडलं. पुरावा म्हणून तुझं उदाहरण दिलं, नाव न घेता. "प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका कलावतीने बँकेतील कायम नोकरी सोडून कलेचा मार्ग पत्करला. अशा व्यक्तीस याचक म्हणणे अन्यायाचे होईल." ते वाक्य मोठ्या साहेबांना पटलं. तेवढ्याने तुला आणि तुझ्यासारख्या शेकडो जणांना बिल्ला मिळाला. मी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. सगळे वाचत नव्हते, मी निम्मे वाचवले.

दाद मागायचं म्हणशील तर वाट नाही. ज्याच्या नावाने दंडाची पावती फाटली, त्यालाच न्यायालयात कलमाविरुद्ध जाता येतं. पायरीवाल्याने सही केलीय, म्हणजे त्याच्यावर कारवाई झालेलीच नाही, कागदोपत्री तो पाहुणा म्हणून गेलाय. तुझ्याकडे बिल्ला आहे, तुला झळ नाही. ज्यांना पावती मिळते ते न्यायालयाची पायरी चढत नाहीत, निमूट गाडीत बसतात. म्हणजे तक्रार करायला कोणी उरतच नाही. नियम लिहिताना हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल.

मी त्याच्या चष्म्याची व्यवस्था करतो. माझ्यावर फार रागावू नकोस.

तुझाच,
गंभीर


२१ मार्च

माझ्या बाळा,

तुझं पत्र तीन आठवडे टेबलावर होतं. जेवताना ते समोर दिसायचं, म्हणून ताट घेऊन खिडकीत बसायचे. राग आला नव्हता. लाज वाटत होती, आणि तीसुद्धा माझीच.

त्या हिवाळ्याचं सांगते. तुझे आईवडील कामासाठी लांब गेले होते, तुला माझ्या पदरात टाकून. मी जिन्यावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. साहेबाला हातात घालता येईना, माऊथऑर्गन धरता येईना. आठवडाभर होतं ते पुरवलं. एके दिवशी तू शाळेत गेलास आणि डब्यात हात घातला तर डबा रिकामा. सवयीने पाय चौकात गेले. तिथे हात गळ्यात बांधून नुसती उभी राहिले. पायरीवाल्याने बघितलं. जरा सरकला आणि म्हणाला, "बसा. तिसऱ्या पायरीवर अकरापर्यंत ऊन असतं."

मी बसले. चार महिने बसले. ही माझी बँकेतली नोकरी.

तू विचारलंस, "आत्या, हात मोडलाय तर तू कुठे जातेस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बँकेत." बँक तर होतीच पाठीशी! तुझे डोळे असे लकाकले की मला ते शब्द परत घेववेनात. मग तू चौकात येऊ नयेस म्हणून सांगितलं की बँकेत मुलांना सोडत नाहीत. आणि तो रोजचा पाव कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाई द्यायच्या, संध्याकाळी उरलेला.

पहिल्या दिवशी मी पदर तोंडावर ओढून, खाली बघून हात पुढे केला. पायरीवाला म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवू नका, ताई. डोळ्यांत बघा. 'बघा, जमतंय का' एवढंच म्हणा. नाही म्हणाले तर 'बरं' म्हणा. समोरच्याला नाही म्हणायचा हक्क आहे, आपल्याला विचारायचा." मी मान वर केली आणि पहिल्यांदा ज्यांच्या डोळ्यांत बघितलं, त्या तुझ्या वर्गाच्या बाई होत्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी वाटीत काही तरी टाकलं, माझ्या खांद्याला हात लावला आणि गेल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी खेळ बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी तुमच्या भाच्याने वर्गात उभं राहून सांगितलं, माझी आत्या बँकेत लागली. मी म्हटलं, अरे वा, छान." त्या बाईंनी तुला कधी कळू दिलं नाही. मीही नाही. वाटलं, कशाला? झाकली मूठ राहू दे.

आता ती मूठ कोणाच्या नाकावर बसली बघ. मी तुझ्याशी खोटं बोलले, तू त्या खोट्यावर खरेपणाने नियम उभा केलास, आणि ज्याने मला बसायला जागा दिली तोच उठवला गेला.

तू म्हणतोस, माझ्यात आणि त्याच्यात फरक आहे. खेळ संपल्यावर मी टोपी फिरवते ते काय असतं रे? मी मागतेच. इतकी वर्षं मागतेय. फक्त आधी वाजवते.

तू मला प्रेमानेच वेगळं काढलंस, कळतं मला. तीन आठवडे भांडलास, माझ्यासाठी. माझ्या त्या बारीक आवाजाच्या पोराने मोठ्या साहेबाच्या खोलीत आवाज चढवला, हे वाचून मी रडलेसुद्धा. पण बिल्ला मी आज परत केला. हवालदार घेत नव्हता, त्याच्या टोपीत टाकून आले.

तुझी,
आत्या


३० मार्च

गंभीरराव,

उत्तर नाही. रागावलास? रागाव, पण जेवत जा.

तू लिहिलंस की पावती फाटली तरच दाद मागता येते. म्हटलं, त्यात काय अवघड आहे! सोमवारी साहेबाला घरी ठेवलं आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. वाटी पुढे, मान वर, "बघा, जमतंय का." शब्द झाला, खूण झाली, भांडं झालं. कलमात मागितलेलं सगळं दिलं.

आणि काय झालं सांगू? गर्दी जमली! पेपरवालीने हाक दिली, "आजीचा नवा खेळ!" मी म्हटलं, "अहो, खेळ नाही, मला खरंच हवंय." तर टाळ्या. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, डोळ्यांत पाणी कसं आणलंय!" अरे, पाणी खरं होतं! मी जितकी कळवळून सांगतेय तितके ते "वा वा" करतायत. हवालदार मागे उभा राहून हसत होता. त्याला म्हटलं, "फाड पावती." तो म्हणाला, "आजी, तुम्ही कलाकार. बिल्ला टोपीत टाकलात तरी क्रमांक सतरा माझ्या वहीत आहे." मंगळवारी निवाऱ्यात गेले. बुधवारी पुन्हा पायरीवर बसले. तेच. गुरुवारी त्याने माझ्यासाठी चहा आणला.

आयुष्यभर लोकांनी मला भिकारीण म्हणू नये म्हणून धडपडले, आणि आता म्हणा म्हणतेय तर एक जण म्हणेना.

मंगळवारी पायरीवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. नंतर म्हणाला, "ताई, ती पायरी बघून या हो अधूनमधून. ऊन येतं का अजून तिथे?" तो तिकडे वाळत चाललाय, बाळा. हसतो, पण पायरीवर बसायचा तेव्हाचा तो राहिला नाही.

मी मंगळवारी तेवढी नसते, बाकी रोज चौकात असते. तुझं पत्र आलं नाही तरी चालेल. तू बरा आहेस एवढं मात्र कोणाकडून तरी कळव.

आत्या


७ एप्रिल, मंगळवार
(तुझ्या दाराखालून सरकवलेलं)

आत्या,

तू नसशील हे माहीत होतं, म्हणूनच मंगळवार निवडला. तुझ्यासमोर मला जमलं नसतं. तू मला शिकवायला लागली असतीस, आणि पुन्हा टाळ्या पडल्या असत्या.

तुझं बँकेचं पत्र मी कचेरीत वाचलं. वाचून झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी हो म्हणालो आणि जिन्यात जाऊन बसलो. तुला उत्तर लिहायला घ्यायचो, पण माझी वाक्यं नियमांसारखी व्हायची. "सदर बाबीचा खेद वाटतो." फाडून टाकायचो.

आज सकाळी नऊला घड्याळाच्या चौकात पोचलो. तिसरी पायरी, डावं टोक. पायरीवाल्याला सांग, ऊन येतं. अकराला पाच मिनिटं असतानाही होतं.

माझ्या अंगावर कचेरीचाच कोट होता. वाटी नव्हती, म्हणून टोपी काढून पुढे ठेवली. सुरुवातीला मी खाली बघत होतो, आणि बुटांच्या जोड्या नुसत्या जात होत्या. मग तुझं पत्र आठवलं आणि मान वर केली. आत्या, मी दहा वर्षं माणसांसाठी नियम लिहितोय, पण इतक्या माणसांच्या डोळ्यांत आजवर बघितलं नव्हतं. "बघा, जमतंय का," म्हणालो. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला. एक माणूस म्हणाला, "धडधाकट आहेस, काम कर." मी म्हणालो, "बरं." एक जण नुसता थांबला, काही न देता हवापाण्याचं बोलला आणि गेला. त्याचंही बरं वाटलं. मग एक म्हाताऱ्या बाई आल्या, पिशवीतून अर्धा पाव काढून दिला आणि म्हणाल्या, "शिळा नाही हं." मी तिथेच बसून खाल्ला. बँकेत पाव मिळतो हे खोटं नव्हतं.

तुझा हवालदार आला. भला पोरगा आहे. म्हणाला, "साहेब, बरं नाही का? घरी सोडू का?" मी म्हणालो, "मी मागतोय." "चला, उठा." "उठत नाही." "मग पावती फाडावी लागेल." "फाडा." त्याने कलम आठ लिहिलं. मी म्हणालो, "आठ कुत्र्यांचं आहे, नऊ लिहा." तो म्हणाला, "तुम्हाला कसं ठाऊक?" मी म्हणालो, "माझंच आहे ते." त्याला काही कळलं नाही, पण खोडून नऊ केलं.

पावतीवर एक रकाना असतो, धंदा किंवा नोकरी. तो रकानाही मीच ठेवला होता. त्याने विचारलं, "काय लिहू?"

मी म्हणालो, "लिहा, बँकेत."

त्याने वर माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीमागच्या बँकेच्या दाराकडे बघितलं आणि लिहिलं.

दंड भरलेला नाही, भरणार नाही. म्हणजे झळ बसलेला माणूस आता एक तरी आहे. चोवीस तारखेला न्यायालयात माझ्या नावाचा पुकारा होईल. त्या राजीखुशीच्या कागदाची हकिगतही मी लिहून दिलीय. मोठ्या साहेबांना कालच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्वतःच लिहिलेल्या कलमाविरुद्ध? डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणालो, "आत्ताच आलंय." नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

काठी दाराआड असेलच. चोवीसला येताना घेऊन ये, पुराव्याला लागेल.

तुझा,
गंभीर


१२ मे

गंभीरराव,

न्यायालयात तू माझ्या शेजारी होतास, म्हणून तिथलं पुन्हा सांगत नाही. पण न्यायाधीश बाई म्हणाल्या, "रस्ता अडवला, बाही ओढली, दमदाटी केली तर जरूर पकडा. पण मला गरज आहे असं तोंडाने सांगणं हे बोलणंच आहे, आणि बोलायला बिल्ला लागत नाही," ते मी साहेबाकडून रोज खेळात म्हणवून घेते. बाईंसारखा चष्माही केलाय त्याला, तारेचा. फार शोभतो.

कलम नऊ रद्द झालं तरी ते वाचवायला तुमच्या खात्याने अजून हातपाय झाडायचं सोडलेलं नाही, असं ऐकते. तुला जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं म्हणे. तिथे खिडकी आहे का? नसेल तर मागून घे. आता तुला मागता येतं.

तू निघून गेलास त्यानंतर पायरीवाल्याला सोडायला निवाऱ्याने दोन आठवडे लावले. काल तो आला. काठी टेकत टेकत तिसऱ्या पायरीपाशी उभा राहिला, पण बसेना. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "इथे तुमचा पोरगा बसला होता ना? मला त्याने कलम घालून उठवलं, आणि माझ्याच जागेवर बसून मला परत आणलं. शिव्या द्याव्यात की आशीर्वाद, तेच ठरवतोय." मी म्हटलं, "दोन्ही द्या, त्याला पचतात." मग बसला. वाटी मांडीखाली ठेवली, आणि चौकात अजून कुत्रंही नव्हतं तेव्हा त्याने पहिली टाळी वाजवली. मला पहिला विनोद धड सांगता आला नाही. साहेबाने वेळ मारून नेली.

शेवटी गिरकी घेऊन मी बँकेकडे तोंड केलं आणि वाकले. लोक त्या बाजूने पांगले.

मग पेपरवालीने विचारलं, "आजी, तो कोटवाला कोण होता हो? एवढा शिकलेला दिसत होता, करतो काय?" सव्वीस वर्षांपूर्वी तू शाळाभर सांगत सुटला होतास ना, तसंच मीही चौकभर सांगत सुटलेय. माझा भाचा आहे म्हटलं. बँकेत होता. एकच दिवस होता, पण नाव काढलं पोराने.

तुझी,
आत्या